पॉवर स्टीअरिंगचं ‘फ्लशिंग’ आणि माझे २९,२०० रुपये

पैशाचा आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायची हिंमत राहणार नाही. पॉवर स्टीअरिंगचं तेल बदलण्याच्या नावाखाली हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून २९,२०० रुपये काढले. आधी ८,३००, मग २०,९००. गाडीत खरा बिघाड होता एका रबरी ओ-रिंगचा. किंमत ४० रुपये.

गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटरच्या व्हीटेक इंजिनची. दारं चार आहेत, पण ज्यांनी ती एकदा चालवली त्यांना मी तिला स्पोर्ट्स गाडी का म्हणतो हे सांगावं लागत नाही. शंभराच्या वर हॉर्सपॉवर, अंगाने हलकी, आणि स्टीअरिंग असं की परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना रस्ता हाताला कळतो. आजच्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये ती मजा नाही. हिच्यात जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक आहे: इंजिनवर पट्ट्याने फिरणारा पंप, प्लास्टिकची तेलाची डबी, नळ्या आणि रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पीयूसी, विमा, सगळं रीतसर. ‘एवढी जुनी गाडी कशाला ठेवता’ हा प्रश्न मला पुढे पोलिस ठाण्यातही विचारला गेला, तिथे येतोच.

आणि मी काही अडाणी गिऱ्हाईक नाही. अमरावती जिल्ह्यात माझं कृषी केंद्र आहे. बोगस बियाण्यात कास्तकार कसा नागवला जातो ते दर खरिपाला काउंटरच्या या बाजूने पाहतो. पाकिटाचं सील पाहा, लॉट नंबर पाहा, पक्कं बिल घ्या, पेरून झाल्यावर रिकामी पिशवी फेकू नका, हे मी लोकांना इतक्यांदा सांगितलं आहे की माझी पोरगी माझी नक्कल करते. तरी मला लुटलं. कसं, ते ऐका.

डिसेंबरात सकाळी गाडी सुरू करून स्टीअरिंग वळवलं की ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. दहा मिनिटांत इंजिन तापलं की कमी व्हायचा. थंडीत तेल घट्ट होतं हे मला माहीत होतं आणि गाडीचं स्टीअरिंगचं तेल बरीच वर्षं बदललेलं नव्हतं. तेव्हा फ्लश करून घ्यावं हा विचार माझाच, आणि विचार चूक नव्हता. ब्रेक ऑइलसारखं हेही तेल जुनं होतं, काळं पडतं, सीलचं रबर झिजून त्यात उतरतं. गावातल्या मिस्त्रीकडे का नेली नाही? कारण त्या गॅरेजच्या बोर्डावर ‘मशीनद्वारे पॉवर स्टीअरिंग फ्लशिंग’ असं लिहिलेलं होतं, आत दोन पोस्टची लिफ्ट होती, पोरांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट होते. आपल्याकडे स्वच्छ फरशी पाहिली की माणसाचा विश्वास बसतो, यात माझा एकट्याचा काय दोष?

आता तो क्षण. हा रात्री झोपू देत नाही.

पोराने बॉनेट उघडलं, वाकला, आणि मिनिटभरात पांढरा कपडा हातात घेऊन माझ्याकडे आला. कपड्यावर काळं तेल आणि त्यात चमचम करणारा बारीक चुरा. ‘साहेब, लोखंड उतरून राह्यलं पाहा. रॅक घासत आहे.’ मालक मागून आला. ‘भाऊ, लेकरं घेऊन घाट चढता ना तुम्ही? जाम झालं तं?’ मी त्याच वेळी फोनवर एका शेतकऱ्याला तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी काय फवारायचं ते सांगत होतो. एक डोळा कपड्यावर, एक कान फोनवर. पण मी बॉनेटखाली पाहिलं होतं, हे नक्की. तेलाच्या डबीच्या झाकणावर आमच्या रस्त्याची धुळीची साय जशीच्या तशी होती. त्यावर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. झाकण उघडलंच नव्हतं तर कपड्यावर तेल आलं कुठून? तो कपडा त्याच्या खिशातून आला होता. दिवसभर तोच कपडा तो सगळ्यांना दाखवत असणार. मला ती धूळ आजही डोळ्यांसमोर दिसते, आणि त्या वेळी मी काय करत होतो, तर ‘पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली’ ते सांगत होतो.

शिवाय घाबरवलं ते खोटं सांगून. पॉवर स्टीअरिंगचा पंप बंद पडला तरी स्टीअरिंग जाम होत नाही. चाकं आणि स्टीअरिंग यांचा सांधा लोखंडाचाच असतो, फक्त जोर लावावा लागतो. घाटात ते धोक्याचं आहे, नाही असं नाही, पण ‘जाम’ हा शब्द घाबरवून खिसा मोकळा करायला असतो. कोणी हा शब्द वापरला की गाडीची चावी मागून घ्या.

पहिलं बिल वहीच्या कागदावर आलं. मशीन चार्ज २,८००. ‘इम्पोर्टेड’ तेल चार लिटर, ११५० प्रमाणे ४,६००. पॉवर स्टीअरिंग फिल्टर ९००. एकूण ८,३००. फोन पे केला. क्यूआर कोडवर गॅरेजचं नाव नव्हतं, कोण्या बाईचं नाव होतं. ‘मिसेसचं खातं आहे’ म्हणाला.

हे बिल नीट वाचा, कारण यातली एकही ओळ खरी नाही. या गाडीच्या पॉवर स्टीअरिंगमध्ये सगळं मिळून साधारण लिटरभर तेल मावतं. फ्लश करताना जुनं ढकलायला जास्त लागतं हे मान्य, पण दीड-दोन लिटरमध्ये नळीतून स्वच्छ तेल येऊ लागतं. चार लिटर कुठे गेले? फिल्टर तर वेगळा असा या गाडीला नाहीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेल. डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं की होंडाचं पीएसएफच (पॉवर स्टीअरिंग फ्लुइड) वापरा. ते तेल फिकट पिवळसर असतं. मी गॅरेजमधून गाडी परत घेतली तेव्हा डबीत दिसत होतं ते लाल. लाल म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ, त्याने ड्रममधून मगाने ओतलेलं. कित्येक गाड्यांना स्टीअरिंगमध्ये एटीएफच चालतं, फियाट असो की फोर्ड, त्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. होंडाच्या पुस्तकात उलट लिहिलेलं आहे: एटीएफ किंवा दुसऱ्या कंपनीचं तेल घालू नका, झीज वाढते आणि थंडीत स्टीअरिंग नीट चालत नाही. मी विचारलं होतं, ‘लाल कसं?’ तो म्हणाला, ‘जर्मनीचं आहे, सिंथेटिक.’ रिकामी बाटली दाखवा म्हटलं असतं तर तिथेच विषय संपला असता. बियाण्याची रिकामी पिशवी जपा म्हणून सांगणारा मी. असो.

काही दिवसांत आवाज गरम इंजिनवरही यायला लागला. डबी उघडली तर आत गुलाबी फेस. पुन्हा तिथेच नेली, कारण ‘तीन महिन्यांची गॅरंटी’ त्याने तोंडी दिली होती. गॅरंटी फ्लशिंगची होती म्हणे, रॅकची नाही. ‘म्या तुम्हाले पहिलेच सांगतलं होतं रॅक घासते म्हणून.’ गाडी ठेवून घेतली. परत दिली तेव्हाचा हिशोब: रॅक रिपेअर किट आणि लेथचं काम १४,५००, मजुरी ३,५००, अलाइनमेंट ६००, पुन्हा तेल दोन लिटर २,३००. झाले २०,९००. त्यातले १०,००० फोन पे, बाकी १०,९०० रोख, कारण ऐन वेळी ‘सर्व्हर डाउन’ झाला. अशा वेळी सर्व्हर नेमका डाउन होतो. रोख देऊ नका. देणं भागच असेल तर पावतीवर सही-शिक्का झाल्याशिवाय देऊ नका. मी दिले, कारण गाडी लिफ्टवरून उतरवून गेटच्या आत उभी होती आणि चावी त्याच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी घरी साक्षगंध होतं.

घरी पोचायच्या आत आवाज परत सुरू.

मग तालुक्याला ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवली. गाडी पाहून तो आधी हसलाच. ‘याले नांगर लावाचा आहे का?’ पण डबीतला फेस पाहिला आणि हसू थांबलं. त्याने जे सांगितलं ते कोणत्याही स्वच्छ फरशीवाल्याने सांगितलं नव्हतं. पंप तेल ओढतो त्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथला सांधा ढिला असला तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि सगळे पंपाच्या किंवा रॅकच्या नावाने ओरडतात. ‘फुटक्या नळीनं उसाचा रस पेल्यासारखं आहे भाऊ, आवाजच येते, रस येत नाही.’

पंपाच्या तोंडाशी नळी जिथे बसते तिथले दोन बोल्ट त्याने खोलले आणि आतली ओ-रिंग टोकाने काढली. गोल रबर असायला पाहिजे ते चपटं झालेलं, नखाने दाबलं तर वाकेना, वाकवलं तर तुटलं. जुन्या होंडांमध्ये वर्षानुवर्षांच्या इंजिनच्या उष्णतेने ही रिंग कडक होते, हा सगळ्या जगाला माहीत असलेला आजार आहे. थंडीत आणखी आखडते, म्हणून सकाळी आवाज.

मग तो गाडीखाली शिरला आणि मला हाक मारली. ‘रॅक खोलला म्हणते ना तो? या, पाहा.’ रॅक उतरवायचा तर त्याला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडची दोन्ही टोकं चाकापासून सोडवावी लागतात. तिथल्या नटात चिमट्यासारखी कॉटर पिन असते, ती सरळ करून काढावी लागते आणि परत लावताना नवीन टाकतात. माझ्या दोन्ही पिना गंजून नटाला चिकटलेल्या होत्या. रॅकच्या रबरी बुटावर, म्हणजे कव्हरवर, जुन्याच भेगा. क्लॅम्पच्या बोल्टवर मळाचा थर, पान्याचा एक ओरखडा नाही. १४,५०० रुपयांचं लेथचं काम झालं होतं ते फक्त कागदावर. मी तिथेच मोबाइलवर फोटो काढले, बोल्टजवळ त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. असं काही झालं तर गाडी दुरुस्त करायच्या आधी फोटो काढा. दुरुस्त झाल्यावर पुरावा उरत नाही.

मिस्त्रीने काय केलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे ‘मशीन’ ऐकून कोणी भुलणार नाही. पुढची चाकं स्टँडवर उचलली, नुसत्या जॅकवर नाही. डबीला येणारी परतीची नळी काढून बिसलेरीच्या बाटलीत सोडली, डबीचं तोंड बूच लावून बंद केलं, डबीत नवीन तेल भरलं. त्याचा पोरगा इंजिन थोडं सुरू करायचा, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, बंद करायचा. बाटलीत लाल तेल, मग गुलाबीसर, मग फिकट पिवळं. लक्ष एकाच गोष्टीवर: डबी रिकामी होऊ द्यायची नाही. कोरडा पंप फिरला की तो खरंच जातो. स्टीअरिंग टोकाला नेऊन तिथे दाबून धरायचं नाही, चार-पाच सेकंदसुद्धा नाही, दाब शिगेला जातो. नळी परत जोडून इंजिन संथ चालू ठेवत स्टीअरिंग फिरवत राहिला, बुडबुडे निघून गेले. थंड इंजिनवर डबीवरच्या वरच्या रेषेपर्यंत तेल. झालं. ‘सांधा पक्का केल्याबगर फ्लश करणं म्हणजे पैसे आणि तेल दोन्ही नालीत’ हे त्याचं म्हणणं. बाटलीतलं टाकाऊ तेल त्याने डब्यात साठवलं, धुऱ्यावर ओतलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्याचा हिशोब: रिंग ४०, नळीची क्लॅम्प ६०, सीलबंद बाटल्यांतलं योग्य तेल मागवलं त्याचे १,३५०, मजुरी ५००. एकूण १,९५०. मजुरी तो तीनशेच म्हणत होता.

एक अजून. काही जण आवाज आला की डबीत ब्रेक ऑइल टाकतात, ‘सील फुगते, गळती थांबते’ म्हणून. फुगते आणि मग कुजते. पूर्ण सिस्टम जाते. टाकू देऊ नका.

आता सरकारी लोकांकडे येऊ.

ठाण्यात गेलो. फोटो, फोन पेच्या पावत्या, वहीचं बिल, सगळं झेरॉक्स करून. टेबलामागच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी चालते ना?’ चालते म्हटलं. ‘मग फसवणूक काहून झाली?’ दुसरा प्रश्न गाडी किती सालची. सांगितलं. बाजूच्याने खुर्ची मागे रेलली: ‘एवढी जुनी गाडी? भंगारात द्या ना साहेब, कशाला डोकं लावता.’ मग ही दिवाणी बाब आहे. मग आधी ग्राहक मंचात जा. मग अर्ज देऊन जा, पाहू. अर्जावर पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते बंदोबस्ताला. पुढच्या वेळी गेलो तर अर्जच सापडेना. न केलेलं काम केलं म्हणून सांगून पैसे घेतले, यात दिवाणी काय आहे? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, जुनं ४२० तेच. ठाण्यात तक्रार नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येतं. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं की अर्ज चौकशीसाठी त्याच ठाण्याकडे वर्ग करण्यात आला आहे. वा!

पक्कं बिल दिलं नाही म्हणून करवाल्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने शांतपणे सांगितलं, तक्रारीसोबत बिल जोडा. मी म्हटलं, बिल दिलं नाही हीच तक्रार आहे. ते म्हणाले, मग दुकानदाराचा जीएसटी नंबर लिहा. तो बिलावर असतो. बिल नाही. त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि चहा सांगितला. स्वतःसाठी.

बोगस बियाण्याची तक्रार झाली तर माझ्या दुकानात भरारी पथक येतं, स्टॉक रजिस्टर तपासतं, परवाना निलंबित होऊ शकतो. माझा अक्षर चुकलेला फलक दिसला तरी नोटीस. आणि या माणसाच्या दुकानाला कोणी विचारायला नाही की बाबा तुझ्याकडे मशीन आहे तरी का. नव्हतंच. ज्याला तो मशीन म्हणत होता ते टायरचं नायट्रोजन भरायचं यंत्र होतं, हे मला मिस्त्रीच्या पोराने सांगितलं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो, ज्याला लोक अजून मंचच म्हणतात. ज्यांना जायचं त्यांच्यासाठी: २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. ऑनलाइनही दाखल होते, आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, तो समजुतीने मिटवायला. तिथून आदेश निघत नाही, तेव्हा तिथेच थांबून मुदत घालवू नका. आणि ते १०,९०० रोख दिल्याचा माझ्याकडे कागद नाही, हे तिथल्या पहिल्याच कारकुनाने माझ्या लक्षात आणून दिलं. मला माहीत नव्हतं जणू.

गॅरेजचं नाव विचारू नका, प्रकरण सुरू आहे. गाव ओळखायचं तर ओळखा. आवाज गेला, पण लाल तेलाने रॅकच्या आतल्या सीलचं किती वाटोळं केलं ते येत्या हिवाळ्यात कळेल. मिस्त्रीने वर्षभरात पुन्हा तेल बदलायला सांगितलं आहे.

नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याने माझ्या साडभावामार्फत निरोप पाठवला: पाच हजार घ्या, केस मागे घ्या, उगाच संबंध कशाला बिघडवता. कोणते संबंध? मी २९,२०० म्हणून सांगितलं, वर मिस्त्रीचे १,९५०. ‘पाहतो’ म्हणाला. अजून पाहूनच राह्यला.